बंद राहिलेल्या मोटारसायकलीचें पुनरुज्जीवन

शहरांतील कित्येक इमारतींच्या जिन्याखालीं, वाड्यांच्या बोळांत आणि बंगल्यांच्या पडवींत एखादी जुनी मोटारसायकल जाड कापडाखालीं वर्षानुवर्षें उभी असलेली दिसते. मालकाची बदली झालेली असते, वय झालेलें असतें, किंवा घरांत मोटार आल्यामुळें दुचाकीची गरज उरलेली नसते. परंतु ती विकून टाकण्यास मन धजत नाहीं. मग केव्हां तरी सुटीच्या दिवशीं घरांतील तरुण पिढीस तिची आठवण होते. आच्छादन दूर होतें, धूळ पुसली जाते, टाकींत ताजें पेट्रोल ओंतलें जातें आणि किक मारण्यास आरंभ होतो. पन्नास किका झाल्या तरी इंजिन दाद देत नाहीं, तेव्हां चार माणसें गाडी ढकलूं लागतात. पुष्कळ वेळां एवढ्यावर निराशा पदरीं येऊन प्रकरण संपतें. कधीं कधीं मात्र गाडी धूर ओकीत सुरू होते आणि सर्वांस आनंद होतो. वस्तुतः खरा धोका या दुसऱ्या प्रसंगींच असतो. जी गाडी सुरू होत नाहीं ती कोणाचें नुकसान करीत नाहीं. जी अर्धवट स्वच्छ कार्ब्युरेटरवर सुरू होते ती मात्र थोड्याच अंतरांत आपल्या इंजिनाचा नाश करूं शकते, आणि प्रसंगीं स्वारासही रस्त्यावर लोळविते. असें कां होतें, आणि तें टाळावयाचें तर कोणत्या क्रमानें काम करावें, हें समजून घेणें अवघड नाहीं.

उदाहरणासाठीं राजदूत ३५० ही गाडी घेणें सोयीचें होईल. जपानच्या यामाहा कंपनीच्या आरडी ३५० या नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीनें ही गाडी १९८३ पासून भारतांत तयार केली. तें दशक सरतां सरतां तिचें उत्पादन थांबलें. तरी तिच्या वेगाची आणि आवाजाची आठवण ठेवून ती जपणारीं घरें अजून पुष्कळ आहेत. तिच्या इंजिनास शेजारीं शेजारीं दोन सिलिंडर असून दोहोंची मिळून क्षमता ३४७ घन सेंटीमीटर आहे. इंजिन दोन आघातांचें, म्हणजे ज्यास सामान्यतः टू-स्ट्रोक म्हणतात त्या जातीचें आहे. प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे, आणि वंगणाचें तेल पुरविण्यासाठीं एक लहानसा पंप बसविलेला आहे. कार्ब्युरेटर एकाऐवजीं दोन, आणि इंजिन टू-स्ट्रोक, या दोन गोष्टींमुळें मळलेल्या कार्ब्युरेटरचे सर्व दुष्परिणाम या गाडींत स्पष्टपणें दिसून येतात.

प्रथम कार्ब्युरेटरचें काम काय तें पाहावें. द्रवरूप पेट्रोल तसेंच जळत नाहीं. तें बारीक तुषारांच्या रूपानें हवेंत मिसळावें लागतें, आणि तेंही ठराविक प्रमाणांत. पेट्रोलाच्या एका भागाच्या पूर्ण ज्वलनास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. प्रवाहाचा वेग वाढला म्हणजे त्याचा दाब कमी होतो, हें तत्त्व डॅनियल बर्नुली यांनीं १७३८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत मांडलें होतें. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यांतून इंजिन हवा ओढून घेतें. तेथें दाब कमी होतो. आणि खालच्या लहानशा वाटींत सांठविलेलें पेट्रोल बारीक छिद्रांतून वर चढून त्या हवेंत उधळलें जातें. वाटींतील पेट्रोलाची पातळी कायम राखण्यासाठीं एक तरंगता फ्लोट असतो. पातळी चढली कीं तो एक टोंकदार सुई वर ढकलून पेट्रोलाची वाट बंद करतो. घरांतील पाण्याच्या टाकीवरील गोळ्याची तोटी याच युक्तीनें चालते.

पेट्रोल मोजून देणारीं हीं छिद्रें पितळेच्या लहान लहान तुकड्यांत पाडलेलीं असतात. त्यांस जेट म्हणतात. गाडी उभ्या जागीं मंद चालत असतांना पायलट जेट पेट्रोल पुरवितो. मूठ पाव ते पाऊण फिरविली असतां सरकत्या झडपेस लटकणारी निमुळती सुई प्रमाण ठरविते, आणि मूठ पूर्ण उघडली म्हणजे मुख्य जेटाचा अंमल सुरू होतो. ही विभागणी ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण गाडी कोणत्या अवस्थेंत अडखळते यावरून कोणता मार्ग तुंबला आहे याचें अनुमान करतां येतें.

आतां पेट्रोल उभ्या गाडींत काय करतें तें पाहूं जातां असें आढळतें कीं, तें दोन प्रकारांनीं बिघडतें. त्यांतील हलके अंश हळूहळू उडून जातात. आणि राहिलेल्या अंशांपैकीं कांहींचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन त्यांचा चिकट, पिवळसर डिंक बनतो. टाकी मोठी व बंद असल्यामुळें तेथें ही क्रिया सावकाश चालते. परंतु कार्ब्युरेटरच्या वाटींत पेट्रोल थोडें, आणि ती वाटी हवेस मोकळी. म्हणून कांहीं महिन्यांत तेथील पेट्रोल आटतें, तळाशीं डिंक उरतो आणि तो नेमका जेटाच्या तोंडाशीं वाळतो. त्यांत अलीकडे आणखी एक कारण मिळालें आहे. भारतांतील पेट्रोलांत मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्क्यांपर्यंत आणि २०२५ सालीं २० टक्क्यांपर्यंत गेलें. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. पाण्याचा अंश फार वाढला म्हणजे पाणी व इथेनॉल हीं पेट्रोलापासून वेगळीं होऊन तळाशीं बसतात. तेथें टाकीच्या पत्र्यास गंज चढतो, कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी भुकटी धरते, आणि जुन्या पद्धतीच्या रबराच्या नळ्या व चकत्या फुगतात किंवा भेगाळतात. ज्या काळांत राजदूत ३५० बनली त्या काळांत अशा इंधनाचा विचार तिच्या रबरी भागांत केलेला नव्हता.

एवढ्याशा डिंकानें एवढा मोठा अनर्थ कसा होतो, हें एका साध्या हिशेबानें कळेल. पायलट जेटाचें छिद्र अर्ध्या मिलीमीटरपेक्षांही लहान असतें. मुख्य जेटाचें त्याहून मोठें, परंतु तेंही सुईनें टोंचल्याएवढेंच. छिद्राचा व्यास डिंकाच्या थरानें केवळ एक दशांश कमी झाला असें मानावें. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतें. म्हणून तें १०० वरून ८१ वर येतें, आणि पेट्रोलाचा पुरवठा जवळजवळ एक पंचमांश घटतो. हवा मात्र पूर्वींइतकीच येत राहते. अशा विरळ मिश्रणानें इंजिन वाजवीपेक्षां फार तापतें. पेट्रोल हें केवळ जळण नव्हे. त्याचे तुषार उडून जातांना इंजिनाच्या आंतील भागांस थंडही करतात, आणि तोही लाभ कमी होतो. पिस्टन अॅल्युमिनियमचा व सिलिंडरचें अस्तर लोखंडी असल्यामुळें सारख्याच उष्णतेनें पिस्टन जवळजवळ दुप्पट फुगतो. दोहोंमधील फट नाहींशी होते, तेलाचा पापुद्रा तुटतो आणि पिस्टन सिलिंडरांत घट्ट बसतो. कारागीर यास इंजिन सीझ झालें असें म्हणतात. धांवत्या गाडीचें इंजिन असें एकाएकीं अडलें म्हणजे मागचें चाकही अडतें. जेथें दोन कार्ब्युरेटर आहेत तेथें फसवणूक अधिक. कारण एक सिलिंडर उपाशी असला तरी दुसरा गाडी ओढीत राहतो, आणि स्वारास केवळ शक्ति थोडी कमी वाटते.

हें सर्व लक्षांत घेतां पहिला नियम असा कीं, दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीस आरंभींच किक मारूं नये. दोन्ही स्पार्क प्लग काढावेत. प्रत्येक छिद्रांतून इंजिनाचें थोडें तेल आंत सोडावें, शक्य तर एक रात्र तें मुरूं द्यावें, आणि मग हातानें किक हळूहळू दाबून इंजिन फिरतें कीं नाहीं तें पाहावें. अडल्यास बळजबरी करूं नये. गंजलेली पिस्टनची कडी सिलिंडर ओरखडते. इंजिन मोकळें फिरलें तरी आणखी एक गोष्ट तपासून घ्यावी लागते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या खालच्या पेटींतूनच मिश्रण वर जात असल्यामुळें ती पेटी हवाबंद असावी लागते. मधल्या दांड्याच्या दोन्ही टोंकांस यासाठीं रबरी सील असतात. वर्षानुवर्षें उभ्या गाडींत ते वाळून कडक होतात. एका बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आंत शिरून मिश्रण विरळ होतें. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअरपेटींतील तेल आंत ओढलें जाऊन पांढऱ्या धुराचे लोट निघतात. कार्ब्युरेटर कितीही निर्मळ केला तरी सील फाटका असेल तर त्या श्रमाचें चीज होत नाहीं.

दुसरें काम टाकीचें. जुनें पेट्रोल पूर्णपणें काढून टाकावें. त्याचा वास वार्निशासारखा कुबट येत असेल तर तें ताज्या पेट्रोलांत मिसळून वापरण्याचा मोह धरूं नये. तें उघड्या गटारांतही ओतूं नये. झांकणाच्या डब्यांत भरून गॅरेजकडे द्यावें. टाकींत विजेरीचा प्रकाश टाकला असतां तांबूस थर दिसला तर गंज काढल्यावांचून पुढें जाण्यांत अर्थ नाहीं. टाकी गाडीवरून उतरवावी, तोटी काढून तें तोंड बंद करावें, आणि सायट्रिक आम्लाचें, म्हणजे बाजारांत मिळणाऱ्या लिंबूसत्त्वाचें, कोमट पाण्यांतील द्रावण भरून कांहीं तास ठेवावें. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें व साध्या पाण्यानें धुऊन टाकी तत्काळ वाळवावी; ओली राहिल्यास तासाभरांत नवा गंज धरतो. तोटीवरील जाळी धुवावी, रबरी नळी नवी घालावी, आणि वाटेंत एक लहान गाळणी बसवावी. टाकीकडे दुर्लक्ष करून कार्ब्युरेटर साफ करणारा मनुष्य आठवड्याभरांत तेंच काम पुन्हां करीत बसतो.

कार्ब्युरेटर उतरविण्यापूर्वीं तारा, नळ्या व रबरी जोड कोठून कसे गेले आहेत याचें छायाचित्र घेऊन ठेवावें. दोन कार्ब्युरेटर एकाच वेळीं खोलूं नयेत. एक पुरा करून मग दुसरा घ्यावा, म्हणजे सुटे भाग एकमेकांत मिसळत नाहींत, आणि शंका आल्यास दुसरा नमुना म्हणून समोर राहतो. बाजूचा हवेचा स्क्रू काढण्याआधीं तो हलकेच आंत बसेपर्यंत किती वेढे जातो तें मोजून कागदावर लिहावें. जेटांवर कोरलेले अंकही टिपून घ्यावेत. पूर्वींच्या मालकानें किंवा कारागिरानें दोन बाजूंस निरनिराळे जेट बसविल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत. पितळ मऊ असतें. म्हणून नीट बसणारा पेचकसच वापरावा.

वाटी उघडतांच हिरवट किंवा तपकिरी चिकटा दिसेल. सर्व रबरी व प्लास्टिकचे भाग प्रथम बाजूस काढावेत, आणि केवळ धातूचे भाग कार्ब्युरेटर साफ करण्याच्या द्रवांत बुडवून ठेवावेत. डिंक विरघळण्यास वेळ लागतो. येथें घाई उपयोगी पडत नाहीं. त्यानंतर प्रत्येक मार्गांतून दाबाची हवा सोडावी आणि ती दुसऱ्या टोंकानें बाहेर येते याची खात्री करावी. असें करतांना डोळ्यांस चष्मा हवाच. प्रत्येक जेट उजेडासमोर धरावा. छिद्र स्वच्छ व वाटोळें दिसलें पाहिजे. येथेंच सर्वांत मोठी चूक घडते. तुंबलेल्या जेटांत पोलादी तार किंवा टांचणी खुपसली जाते, आणि छिद्र मोकळें होण्याबरोबर मोठें व वांकडेंही होतें. ज्या हिशेबानें एक दशांश डिंक एक पंचमांश पेट्रोल अडवितो, त्याच हिशेबानें एक दशांश ओरखडा एक पंचमांश पेट्रोल अधिक सोडतो. मऊ तांब्याच्या एका धाग्यापलीकडे कांहीं वापरूं नये. त्यानेंही काम न झाल्यास त्याच अंकाचा नवा जेट घ्यावा. मोठ्या शहरांत ध्वनिलहरींच्या साह्यानें असे भाग धुऊन देणारीं गॅरेजें आहेत. आंतील वळणदार मार्गांसाठीं तो उपाय उत्तम होय.

फ्लोट कानाशीं धरून हालवावा. आंत पेट्रोलाचा आवाज आल्यास तो बाद समजावा. त्याच्या सुईचें टोंक झिजून कडें पडलेलें असल्यास ती बदलावी, नाहीं तर पेट्रोल वाहत राहून गरम इंजिनावर गळेल. दोन्ही कार्ब्युरेटरांतील फ्लोटांची उंची सारखी असावी. पातळींतील फरक म्हणजे मिश्रणांतील फरक. जोडणी करतांना गॅस्केटें व रबरी चकत्या नव्याच घालाव्यात. कार्ब्युरेटर इंजिनास जोडणारे रबरी जोड वांकवून पाहावेत. भेगा दिसल्यास ते टाकून द्यावेत, कारण तेथून शिरणारी हवा कोणत्याही जेटाच्या हिशेबांत धरलेली नसते.

आतां दोन कार्ब्युरेटरांचा मेळ घालावयाचा. मूठ फिरवितांच दोन्ही झडपा एकाच क्षणीं उचलल्या गेल्या पाहिजेत. हवेच्या बाजूनें आंत बोट ठेवून किंवा आरसा धरून हें पाहतां येतें, आणि तारांवरील नट फिरवून साधतां येतें. त्याच मुठीची तिसरी तार तेलाच्या पंपाकडे जाते. पंपावरील खूण तारेच्या योग्य ताणाशीं जुळली नाहीं, तर वेग वाढूनही तेल वाढत नाहीं. शिवाय रिकाम्या राहिलेल्या नळींत हवा अडकते, आणि पंप तेलाऐवजीं हवाच ढकलीत बसतो. म्हणून पंपाचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहूं द्यावें. एवढें करूनही पहिल्या टाकीच्या पेट्रोलांत दर लिटरमागें सुमारें २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल मिसळावें. धूर थोडा अधिक होईल. परंतु पंपानें दगा दिला तरी इंजिन कोरडें राहणार नाहीं.

विजेची बाजू थोडक्यांत अशी. अनेक महिने विसर्जित अवस्थेंत पडलेली बॅटरी सहसा पूर्ववत् होत नाहीं, नवी घ्यावी. ठिणगीचे संपर्कबिंदु प्रत्येक सिलिंडरास स्वतंत्र आहेत. त्यांवरील काळसर थर पुसून फट ठीक करावी. नवे प्लग घालावेत. गाडी सुरू करतांना ती उघड्या हवेंत न्यावी. बंद पार्किंगमध्यें निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक आहे. जवळ अग्निशामक नळकांडें व कोरडी वाळू असावी. गाडी सुरू होतांच मूठ पिळून आवाज काढूं नये. धूराड्याच्या दोन्ही नळ्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. एका नळीवर तो चटकन् उडाला आणि दुसरीवर तसाच राहिला, तर त्या बाजूचा सिलिंडर जळत नाहीं असें समजावें.

पहिला फेरफटका जवळचाच असावा, आणि मूठ अर्ध्यापलीकडे जाऊं नये. क्लचच्या दांड्यावर बोटें ठेवावींत. इंजिन आवळल्यासारखें वाटलें तर क्षणांत क्लच दाबल्यानें चाक मोकळें राहतें. परत आल्यावर प्लग काढून पाहावेत. त्यांचें टोंक कॉफीसारखें तपकिरी असल्यास मिश्रण ठीक, काळें व ओलें असल्यास पेट्रोल अधिक, पांढरें असल्यास पेट्रोल कमी. पांढरा प्लग दिसला कीं गाडी चालविणें तेथेंच थांबवावें. दोन्ही प्लगांचा रंग सारखा येणें हीच या सर्व परिश्रमांची परीक्षा होय. त्यापूर्वीं ब्रेक व टायर यांचीही पाहणी झालेली हवी. या भारतीय गाडीचे दोन्ही ब्रेक ड्रमचे असून त्यांचे अस्तर जुनें होऊन सुटलेलें असूं शकतें. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. नक्षी शाबूत दिसली तरी भेगाळलेल्या टायरवर विश्वास ठेवूं नये. नोंदणी, विमा व प्रदूषणाचें प्रमाणपत्र यांची मुदत पाहणें हाही या कामाचाच भाग आहे.

एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हीं मानकें लागू झाल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटर बहुतांशीं गेला आणि त्याच्या जागीं विजेच्या नियंत्रणानें पेट्रोल फवारणारी योजना आली. यामुळें कार्ब्युरेटर जाणणारे कारागीर पुढें कमी होत जाणार, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांसच ही विद्या थोडीफार आत्मसात करावी लागणार. त्यांपैकीं ज्यांस गाडी पुन्हां कांहीं महिने उभी करावयाची असेल त्यांनीं तोटी बंद करून वाट्यांतील पेट्रोल तळच्या स्क्रूनें काढून टाकावें, आणि सिलिंडरांत थोडें तेल सोडावें. अर्ध्या तासाच्या या कामानें पुढचे चार दिवस वांचतात. ज्यांनीं तें केलें नाहीं त्यांच्यासाठीं वर सांगितलेला क्रम आहे: आधीं इंजिन, मग टाकी, मग कार्ब्युरेटर, मग तेलाचा पंप, मग ठिणगी, आणि किक मारण्याचें काम या सर्वांच्या शेवटीं.